सरपणाच्या भिंती आणि घरांचा प्रश्न

घरबांधणीविषयीच्या चर्चेत गेल्या काही वर्षांत एक नवी परिभाषा रुळू लागली आहे. ‘नैसर्गिक घर’, ‘निसर्गस्नेही निवारा’, ‘वीजमंडळाच्या तारेवाचून चालणारे घर’ हे शब्द शहरांतील सुशिक्षित तरुणांच्या तोंडी सहज येतात. नोकरीला आणि महानगराला विटलेले एखादे जोडपे गावाबाहेर जमीन घेते, माती-बांबूचे घर उभारते आणि त्याचे कौतुक होते. या हौसेची थट्टा करणे सोपे आहे आणि तिच्यामागे वाहवत जाणेही तितकेच सोपे आहे. परंतु ज्या देशात कोट्यवधी माणसांना धड निवारा नाही, त्या देशात घर बांधण्याच्या कोणत्याही स्वस्त पद्धतीकडे थट्टेने किंवा भक्तिभावाने पाहून चालणार नाही. तिचा हिशेब मांडला पाहिजे. लाकूड कोणाचे, जमीन कोणाची, वेळ कोणाचा आणि परवानगी कोणाची, हे चार प्रश्न तिला विचारले पाहिजेत.

या हिशेबासाठी मी उत्तर अमेरिकेतील एक उदाहरण निवडले आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात ‘कॉर्डवुड’ नावाची घरबांधणीची पद्धत आहे. तिला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात घरांच्या प्रश्नाचे अर्थशास्त्र फार स्वच्छ दिसते. ते पाहिल्यावर आपल्याकडे त्यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार करता येईल.

भिंत कशी उभी राहते

‘कॉर्ड’ हे तिकडे सरपण मोजण्याचे माप आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच रचलेले लाकूड, म्हणजे १२८ घनफूट, एवढा एक कॉर्ड होतो. चुलीसाठी लाकडे जशी एकावर एक रचून ठेवतात, तशीच ती भिंतीत रचायची, एवढीच या पद्धतीमागची मूळ कल्पना. झाडाचे खोड साल काढून हातभर लांबीच्या तुकड्यांत कापतात. हे तुकडे भिंतीच्या लांबीला समांतर न ठेवता तिच्या जाडीत आडवे घालतात, म्हणजे एक तोंड घराबाहेर आणि दुसरे घरात येते. तुकड्यांच्या दोन्ही तोंडांजवळ चुन्या-सिमेंटच्या मसाल्याचा पट्टा देतात. मधली पोकळी चुना मिसळलेल्या लाकडाच्या भुशाने भरतात. थंडी अडवण्याचे काम लाकूड आणि हा भुसा मिळून करतात, तर भिंतीला बांधून ठेवण्याचे काम मसाला करतो. भिंतीची जाडी बहुधा एक ते दोन फूट असते.

या कामात एक साधे पण नेमके शास्त्र आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉब रॉय या बांधकाम-शिक्षकाने रूढ केलेल्या मसाल्यात नऊ भाग वाळू, तीन भाग भिजवलेला भुसा, तीन भाग चुना आणि दोन भाग सिमेंट असते. भिजलेला भुसा मसाल्याला हळूहळू पाणी पुरवतो, त्यामुळे मसाला सावकाश धरतो आणि त्याला तडे कमी जातात. लाकूड निदान वर्षभर वाळवावे लागते. सीडरसारखे हलके लाकूड यासाठी उत्तम. ओक-मेपलसारखे जड लाकूड ओल लागली की फुगते आणि भिंत फोडू शकते. पाया जमिनीपासून उंच हवा आणि छपराची वळचण रुंद हवी. म्हणूनच तिकडचे कारागीर म्हणतात, की घराला चांगले बूट आणि चांगली टोपी असली तर भिंत टिकते. काम अवघड नाही, परंतु वेळखाऊ आहे. एका माणसाला किंवा एका कुटुंबाला मोठे यंत्र न वापरता ते करता येते. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पुढचा सारा हिशेब तिच्यावर उभा आहे.

उरलेल्या लाकडाचा इतिहास

ही पद्धत अमेरिकेत कोठे रुजली? विशेषतः विस्कॉन्सिन राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेथील पांढऱ्या पाइनची अफाट जंगले त्याच काळात लाकूड-कंपन्यांनी तोडली. शिकागोसारखी शहरे त्या लाकडावर उभी राहिली. पेश्टिगो हे याच राज्यातील लाकूडकामाचे एक गाव. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी, ज्या रात्री शिकागो जळत होते त्याच रात्री, तेथे वणवा पेटला आणि निदान बाराशे माणसे भाजून मेली. कोरडा उन्हाळा, जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगी आणि तोडीनंतर रानात टाकून दिलेला पालापाचोळा व फांद्या ही त्याची कारणे होती. नफ्याचे लाकूड शहराकडे गेले आणि जळाऊ कचरा गावकऱ्यांच्या वाट्याला आला.

जंगले संपल्यावर उघडी पडलेली, खुंटांनी भरलेली जमीन युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांना विकण्यात आली. या पोलिश, जर्मन शेतकऱ्यांजवळ फळ्या विकत घेण्याइतका पैसा नव्हता आणि लांब, सरळ खोडे कंपन्यांनी आधीच नेलेली होती. राहिली होती ती आखूड, वाकडी, बाजारात किंमत नसलेली लाकडे. त्यांच्याच भिंती त्यांनी रचल्या. शावानो जिल्ह्यात क्रूझा नावाच्या पोलिश कुटुंबाने १८८४ च्या सुमारास बांधलेले असे एक घर आज ‘ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन’ या खुल्या संग्रहालयात जतन केले आहे. जेनिंग्ज या गावी मेसिकाल्स्की यांनी १८९९ साली याच पद्धतीने बांधलेले दुकान अजून उभे आहे. आज या इमारती वारसा म्हणून पाहिल्या जातात. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र त्या नाइलाजाच्या होत्या.

येथे ‘लाकूड कोणाचे’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जंगल कंपनीचे होते, आणि कंपनीच्या आधी ते तेथील मूळ रहिवाशांचे होते. याच शावानो जिल्ह्याला लागून मेनॉमिनी लोकांचा राखीव प्रदेश आहे. १८५४ च्या तहाने त्यांच्या हाती त्यांच्या मूळ भूमीचा एक लहानसा तुकडा उरला. त्या तुकड्यावरील जंगल, सुमारे दोन लाख पस्तीस हजार एकर, त्यांनी सामुदायिक मालकीने राखले. तेथे तोड झाली नाही असे नाही. गेल्या दीड शतकात दोन अब्ज बोर्ड-फुटांहून अधिक लाकूड त्या जंगलातून निघाले. तरीही आज उभे असलेले लाकूड सुरुवातीच्या साठ्यापेक्षा कमी नाही. दोन्हीकडे हवामान तेच, जमीन तीच. फरक फक्त मालकीच्या स्वरूपाचा. एका बाजूला एका पिढीत जंगल संपले आणि गरिबांना उरलेल्या लाकडावर घर भागवावे लागले, तर दुसऱ्या बाजूला पाच पिढ्या लाकूड काढूनही जंगल उभे राहिले. ‘सामायिक मालकी म्हणजे नासाडी’ असे जे पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते, त्याला यापेक्षा बोलके उत्तर शोधण्याची गरज नाही.

कर्जाचा हिशेब

विसाव्या शतकात ही पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९७० च्या दशकात तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि त्यात दोन वेगळ्या प्रेरणा होत्या. पहिली सार्वजनिक. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या उत्तरविभाग गृहनिर्माण समितीने दूरच्या वस्त्यांना परवडेल अशा बांधणीचा अभ्यास केला आणि १९७७ साली कृतीची सविस्तर पुस्तिका काढली. दुसरी प्रेरणा व्यक्तिगत. न्यू ब्रन्सविकमध्ये जॅक हेन्स्ट्रिज, सस्कॅचवानच्या कडाक्याच्या थंडीत क्लिफ शॉकी, विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड फ्लाटाऊ अशा माणसांनी स्वतःची घरे स्वतः बांधली आणि आपला अनुभव इतरांसाठी लिहून ठेवला. रॉब रॉय व त्यांच्या पत्नी जॅकी यांनी १९८१ साली न्यूयॉर्क राज्यात यासाठी एक शाळाच काढली. त्यांचे घर वीजकंपनीच्या तारेला जोडलेले नाही. सूर्य आणि वारा यांवर त्याची वीज चालते.

रॉय यांच्या एका पुस्तकाचा विषय भिंत नसून कर्ज आहे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. गहाणखतासाठी इंग्रजीत असलेला ‘मॉर्गेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘मृत्यूचे तारण’ असा होतो, याची ते वाचकाला आठवण करून देतात. हा शब्दच्छल नव्हे, हे साध्या गणिताने दिसते. सात टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी एक लाख डॉलर कर्ज घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६५ डॉलर पडतो. पहिल्या हप्त्यातील ५८३ डॉलर नुसते व्याज असते. तीस वर्षांत कर्जदार एकूण सुमारे दोन लाख चाळीस हजार डॉलर भरतो. म्हणजे त्याने एक घर स्वतःसाठी घेतले आणि जवळजवळ दीड घर सावकाराला घेऊन दिले.

२००८ साली या व्यवस्थेचे काय झाले, ते सर्वांनी पाहिले. फेडण्याची ऐपत नसलेल्यांना कर्जे दिली गेली, त्या कर्जांचे रोखे करून जगभर विकले गेले, आणि सप्टेंबरात लेमन ब्रदर्स ही पेढी कोसळली. बुडालेल्या मोठ्या वित्तसंस्थांना सरकारने सावरले. लक्षावधी कुटुंबांची घरे मात्र जप्त झाली. अशा समाजात एखादा माणूस स्वतःच्या हातांनी भिंत रचतो आणि बँकेच्या दारात जात नाही, तेव्हा त्याच्या कृतीला केवळ हौस म्हणता येणार नाही. तो आपल्या श्रमाचा जो भाग व्याजाच्या रूपाने दुसऱ्याला गेला असता, तो स्वतःजवळ ठेवतो.

परंतु हिशेब येथे थांबवला, तर तो अपुरा राहील. अशा घरात बचत नेमकी कोठे होते? भिंत हा घराच्या खर्चाचा एक भाग असतो. पाया, छप्पर, खिडक्या, नळ आणि विजेचे साहित्य बाजारातूनच आणावे लागते. जमीन तर आधी लागते. लाकूड स्वतःच्या रानातले किंवा गिरणीच्या टाकाऊ ढिगातले असेल तरच स्वस्त पडते. खरी बचत होते ती दोन गोष्टींत, मजुरीत आणि व्याजात. मजुरी वाचते, कारण माणूस स्वतःच्या कामाची मजुरी धरत नाही. व्याज वाचते, कारण हाती पैसा येईल तसतसे तो बांधतो. या दोन्ही बचतींची किंमत एकाच नाण्यात मोजली जाते आणि ते नाणे म्हणजे वेळ. लाकूड वाळायला एक-दोन वर्षे आणि बांधकामाला आणखी दोन-तीन वर्षे, असा सवड असलेला माणूसच हे करू शकतो. दोन पाळ्यांत काम करून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराजवळ जमीन नसते, रान नसते आणि सवड तर मुळीच नसते.

एंगल्सचा आक्षेप

या ठिकाणी एक जुना आक्षेप पुढे येतो. घरांच्या प्रश्नावर एंगल्सने १८७२-७३ साली लाइपझिगच्या एका पत्रात लेखमाला लिहिली होती. प्रत्येक कामगाराला लहानशा घराचा मालक केले की प्रश्न सुटेल, हे त्या काळच्या सुधारकांचे मत तिने खोडून काढले. घर आणि परसबाग असलेला कामगार त्या जागेला बांधला जातो, त्याचा जगण्याचा खर्च कमी होतो, आणि त्या प्रमाणात मालक त्याची मजुरी पाडू शकतो, असा एंगल्सचा युक्तिवाद होता. पुढच्या आवृत्तीत त्याने एलेनॉर मार्क्सने अमेरिकेतून पाठवलेला मजकूर जोडला. कॅन्सस सिटीच्या बाहेर कामगारांनी कर्ज काढून घेतलेल्या लाकडी खोपट्यांचे ते वर्णन आहे. त्या घरांनी कामगारांना स्वतंत्र न करता अधिकच जखडून टाकले होते.

या आक्षेपातील कोणता भाग आज उरतो? कर्जाविषयीचा भाग कॉर्डवुडच्या घराला लागू पडत नाही, कारण कर्ज टाळणे हाच त्याचा हेतू आहे. मजुरीविषयीचा भाग मात्र लागू पडतो. कामगाराने दिवसभर कारखान्यात राबावे आणि रविवारी विनामोबदला स्वतःचे घर बांधावे, अशी अपेक्षा सरकार किंवा समाज करू लागला, तर निवाऱ्याची सार्वजनिक जबाबदारी कामगाराच्या सुट्टीच्या दिवसावर ढकलल्यासारखे होईल. श्रीमंताचे घर दुसऱ्यांनी बांधावे आणि गरिबाने ‘स्वावलंबी’ व्हावे, ही विषमता स्वावलंबनाच्या गोंडस शब्दाखाली लपते. स्वतः बांधण्याचा अधिकार आणि स्वतःच बांधण्याची सक्ती यांत फार अंतर आहे.

तारेवाचून चालणाऱ्या विजेविषयीही हेच म्हणता येईल. १९३५ साली अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जवळजवळ नऊ घरांत वीज नव्हती. खाजगी कंपन्यांना तेथे नफा दिसत नव्हता. ती वीज पोहोचली रूझवेल्ट सरकारच्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या कार्यक्रमामुळे आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमुळे. तार ही बंधन म्हणून आली नव्हती. सामुदायिक प्रयत्नाने मिळवलेली ती एक सोय होती. आज त्याच देशात नावाहो लोकांच्या प्रदेशात हजारो घरांत तार पोहोचलेली नाही. तार नाकारणारा आणि तार न मिळालेला, असे दोघेही अंधार पडल्यावर सौरदिवा लावतात. म्हणून त्या दोघांची स्थिती एकच आहे असे मानणे ही क्रूर चेष्टा ठरेल. शिवाय सौरपट्टी आणि बॅटरी खाणींतून व कारखान्यांतून येतात. समाजापासून खरोखर तुटलेले घर कोठेच नसते.

ज्याला विक्रेता नाही, त्याची परीक्षा कोण घेणार?

मग हे सारे प्रकरण मूठभरांची हौस म्हणून सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. ही पद्धत मूठभरांपुरती का राहिली, याचे एक कारण अजून सांगायचे आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य आहे.

घर बांधायला परवानगी लागते. ती मिळण्यासाठी बांधकाम नियमांत बसावे लागते. हे नियम निरर्थक नाहीत. आगीत आणि भूकंपात माणसे मेली, तेव्हा ते तयार झाले. समाजवाद्याने त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु एखादे साहित्य नियमांत येते कसे? त्याच्या चाचण्या व्हाव्या लागतात. ते किती भार पेलते, आगीत किती वेळ टिकते, ओलीने काय होते, हे प्रयोगशाळेत सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी पैसा लागतो. सिमेंटची कंपनी तो खर्च करते, कारण उद्या सिमेंट विकून तिला तो भरून काढायचा असतो. ओंडक्यांच्या भिंतीला कंपनीच नाही. माती, गवताचा पेंढा, चुना, भुसा यांना विक्रेता नाही, म्हणून त्यांच्या चाचण्यांचा खर्च करणाराही नाही. चाचणी नाही म्हणून नियमांत स्थान नाही. नियमांत स्थान नाही म्हणून बँक कर्ज देत नाही आणि विमाकंपनी विमा उतरवत नाही. महाविद्यालयात ते शिकवले जात नाही, आणि शिकलेला अभियंता त्याच्यावर सही करत नाही. हे दुष्टचक्र कोणी कट करून निर्माण केलेले नाही. जे ज्ञान विकता येत नाही, ते बाजार निर्माण करत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे चक्र तोडता येते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील निवासी घरांच्या आदर्श नियमसंहितेत २०१५ साली पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींसाठी आणि २०२१ साली माती-पेंढ्याच्या ‘कॉब’ भिंतींसाठी स्वतंत्र परिशिष्टे आली. त्यामागे वर्षानुवर्षे चाचण्या करणाऱ्या आणि वर्गणी काढणाऱ्या स्वयंसेवी माणसांचे श्रम होते. कॉर्डवुडच्या घराला मात्र अजून प्रत्येक वेळी ‘पर्यायी पद्धत’ म्हणून अधिकाऱ्याची समजूत घालावी लागते. मॅनिटोबा विद्यापीठाने १९७० च्या दशकात जे केले, ते म्हणून मोलाचे होते. सार्वजनिक पैशाने सार्वजनिक ज्ञान तयार केले आणि ते कोणालाही वापरता येईल अशा स्वरूपात छापले. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

आपल्याकडे

आता आपल्याकडे वळू. कॉर्डवुडची भिंत महाराष्ट्रात आणण्याचा विचार कोणी करू नये. आपल्याकडे वाळवी आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे, आणि ज्या लाकडाची भिंत करायची ते लाकूड अजूनही अनेक घरांत डोक्यावरच्या मोळीने येऊन चुलीत जाते. घेण्यासारखी गोष्ट लाकडाची नाही. ज्या साहित्याला विक्रेता नाही त्याला समाजाने पाठबळ दिले पाहिजे, एवढे तत्त्व तेथून उचलावे.

आपल्या जनगणनेच्या वर्गीकरणात मातीची, कुडाची, बांबूची भिंत ‘कच्ची’ ठरते आणि विटा-सिमेंटची ‘पक्की’. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला सपाटीच्या प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य मिळते. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच ‘पहल’ नावाचा प्रादेशिक घरांच्या नमुन्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे, आणि त्यात स्थानिक साहित्याचा पुरस्कार आहे. पण गावातला गवंडी, तालुक्याचा अभियंता आणि स्वतः लाभार्थी यांच्या मनात पक्के म्हणजे सिमेंट, हे समीकरण घट्ट बसले आहे. परिणामी साहाय्याचा मोठा भाग सिमेंट, लोखंड आणि विटा यांच्या रूपाने गावाबाहेर जातो आणि गावातील माती व गावातील कसब दोन्ही बिनकामाची ठरतात.

या समीकरणाला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यात सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना मातीच्या घराचे गोडवे गाऊन दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या भिंती केवळ माती वापरल्यामुळे पडल्या नाहीत. आतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड पुरेसे नव्हते, भिंतींना सलग बांधून ठेवणारा पट्टा नव्हता, आणि वर दरवर्षी माती चढवून छप्पर जड झाले होते. मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामाला भूकंपात कसे वाचवावे, याची भारतीय मानके त्याच १९९३ साली निघाली. म्हणजे ज्ञान अस्तित्वात होते किंवा तयार होत होते, पण ते गवंड्याच्या हाती पोहोचलेले नव्हते. घरे स्वस्त असावीत की सुरक्षित, हा वादच खोटा आहे. परीक्षा न झालेले स्वस्त घर गरिबाच्या डोक्यावर पडते, आणि परीक्षा करून घेण्याची ऐपत गरिबाजवळ नसते. ती जबाबदारी समाजाची आहे.

या दिशेने काम झालेले नाही असे नाही. वर्ध्याला कुमारप्पांच्या विचारातून प्रेरणा घेऊन देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले, आणि तेथे मातीच्या भिंती व भाजलेल्या मातीच्या नळ्यांच्या कमानदार छपरांवर प्रयोग झाले. केरळात लॉरी बेकर यांनी विटांच्या पोकळ रचनेने सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवून दाखवल्या. त्यांना त्रिवेंद्रमच्या विकास अध्ययन केंद्राची वास्तू बांधण्याचे काम देणारे के. एन. राज हे अर्थशास्त्रज्ञ होते. पुढे १९८५ साली बेकर, राज आणि माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन यांनी मिळून ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी केली. एक वास्तुशिल्पी, एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक कम्युनिस्ट नेता घराच्या भिंतीसाठी एकत्र बसले, ही घटना आपण विसरता कामा नये. तेथे ही चळवळ टिकली, कारण एका माणसाच्या प्रतिभेला संस्थेचे आणि राजकीय इच्छेचे बळ मिळाले.

साहित्याच्या मालकीचा प्रश्नही आपल्याकडे विस्कॉन्सिनइतकाच जुना आहे. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाड ठरवले आणि गावाच्या शेजारचा बांबू गावाला परका झाला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबू गौण वनोपज म्हणून ग्रामसभांच्या हक्कात आला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. मेनॉमिनी लोकांनी जे दीडशे वर्षे केले, ते करण्याची संधी आपल्या गावांना अलीकडे मिळू लागली आहे. घराचे साहित्य गावाच्या मालकीचे असेल, तर घर स्वस्त करण्यासाठी वेगळी योजना लागणार नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक जिल्ह्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातील माती, जांभा, बांबू, चुना यांच्या भिंतींच्या चाचण्या सार्वजनिक खर्चाने कराव्यात आणि त्यांचे निष्कर्ष मराठीत, गवंड्याला वाचता येतील असे छापावेत. चाचणीत उतरलेल्या भिंतीला घरकुल योजनेत आणि बँकेच्या दारात विटांच्या भिंतीइतकाच मान मिळावा. गवंड्यांचे प्रशिक्षण रोजगार हमीच्या कामाप्रमाणे मजुरी देऊन व्हावे, आणि घरमालकाच्या कुटुंबाने स्वतःच्या घरावर केलेल्या कामाचीही मजुरी हिशेबात धरावी, म्हणजे स्वावलंबनाच्या नावाखाली वेठ होणार नाही. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना घरबांधणीसाठी बांबू व लाकूड राखून ठेवण्याचा स्पष्ट अधिकार असावा.

यांपैकी एकही मागणी अशक्य कोटीतील नाही. पहिलीसाठी तर नवा कायदाही लागत नाही. प्रयोगशाळा आहेत, विद्यार्थी आहेत, माती पायाखाली आहे. जिल्हा परिषदेत आणि विद्यापीठांच्या अधिसभेत आपले जे कार्यकर्ते निवडून जातात, त्यांनी हा विषय येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी उपस्थित करावा.